कानोसा

चौथ्यांदा फुटला प्रज्वलचा कान.
आधी ठणका. रात्री अडीचला किंकाळी,
मुठीनं कान ओरबाडणं,
छातीला लावला की दोन घोट घेऊन मान फिरवणं.
(गिळताना दुखतं, हे मला तिसऱ्या खेपेला कळलं.)
आणि पहाटे एकदम गप्प.
मी म्हटलं, थकला, झोपला.
उजाडल्यावर उशीवर बोराएवढा पिवळा डाग
आणि तो वास.
तो मी आता अंधारातही ओळखते.

यमुताई वाटी घेऊन आली :
"लसूण कडवला तेलात. कोमट हाय तं सोड दोन थेंब.
आमच्या पोरायचे कान असेच बरे झाले."
तिचा मधला टीव्हीला टेकून बसतो,
साधं बोलला तरी ओरडतो.
मी वाटी ठेवून घेतली,
ती गेल्यावर वांग्याच्या फोडणीत ओतली.
भाजी चांगली झाली.

मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस.
भाव चढेपर्यंत तो तिथंच, आम्हीही तिथंच,
प्रज्वल तर त्यात कमरेइतका बुडून खेळतो,
शिंकतो, नाक गळतं,
नाक गळलं की आठ दिवसांनी कान.
राळेगावच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
कानात कापूस कोंबू नका.
मला हसू आलं. त्यांना ते आवडलं नसावं.

सुती फडकं घ्या, उकळून वाळवा,
पिळून वात करा. घाला. भिजली की काढा,
दुसरी घाला, कोरडी निघेपर्यंत.
दिवसातून तीनदा. तेल नाही, काडी नाही.
वरच्या दुधाची बाटली आडवं निजवून देऊ नका.
घरात चूल?
मी पदराचा वास घेतला. म्हटलं, हो.
मागच्या वेळी औषध किती दिवस दिलं?
ताप उतरला तेव्हा, तिसऱ्या दिवशी, थांबवलं होतं.
मी "पूर्ण" म्हणाले.
त्यांनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

सासऱ्यांनी आपलं धोतर आणून दिलं.
"हे फाड. सतरा वर्षं धुतलंय, मऊ हाय."
गुलाबी औषधाची बाटली, रेषेपर्यंत उकळून निवलेलं पाणी.
फ्रिजमध्ये ठेवा, असं तिच्यावर छापलंय;
ती उभी आहे माठाच्या बुडाशी ओल्या वाळूत.
धनपाल पाय धरतो, मी डोकं मांडीत दाबते.
रोज तीनदा हे लेकरू माझ्याकडे असं बघतं
की जणू मीच दुखवायला आले.
खोटं नाही ते.

कुणाला सांगितलं नाही, पण
त्याच्या मागे उभी राहून मी ताटली वाजवते.
वळतो. चमचा वाजवते. वळतो कधी, कधी नाही.
वीस महिन्यांचा झाला, शब्द चारच.
शेजारची पूर्वी त्याच्याहून लहान,
ती कोंबड्यांना नावं ठेवते.
रात्री त्याच्या डाव्या बाजूला तोंड नेऊन
मी हळूच हाक मारते,
आणि थांबते.
विहिरीत दगड टाकून थांबावं तशी.

परवा मी त्याच्या उजवीकडे, पाठीमागे,
बिस्किटाचा पुडा उघडला. अगदी सावकाश.
तो तीरासारखा आला.
डावीकडून उघडला तेव्हा
भिंतीवरच्या पालीकडे बघत राहिला.
वर्ध्याला मशीनवर कान तपासायचे आहेत, गुरुवारी.
सर्दी झाली की परत होऊ शकतं,
हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलंय.
पाचव्यांदा. सहाव्यांदा. मोठा होईल तसं कमी होईल.
किती मोठा, ते मी विचारायचं विसरले.

आज दुपारी अंगणातल्या दोरीवर
उकळलेल्या पट्ट्या वाळत होत्या.
त्यानं एक ओढून घेतली, तळहातांत वेडीवाकडी वळली
आणि माझ्या मांडीवर चढून
माझ्या कानात घालू लागला.
मी मान कलती केली.
"दुकतं?" त्यानं विचारलं.
पाचवा शब्द.
मी म्हटलं, थोडंसं.
तो माझे पाय धरायला धनपालला शोधत
आत गेला.